ब्रेक्झिटनंतर सीमा ओलांडताना : एकाच घरात तीन पासपोर्ट असलेल्या कुटुंबांसाठी

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर पॅरिसच्या गाडीसाठी उभे असलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील मूळचे म्हापशाचे, पोर्तुगीज पासपोर्टवर २००९ साली ब्रिटनमध्ये आलेले आणि तेव्हापासून स्विंडनला राहणारे. आई कोल्हापूरची, तिचा पासपोर्ट भारतीय. दहा वर्षांचा मुलगा स्विंडनलाच जन्मलेला, आणि त्याचा पासपोर्ट ब्रिटिश. सोबत आजी, जी नातवाला भेटायला सहा महिन्यांच्या व्हिसावर आली आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजेपर्यंत या चौघांपैकी एकट्या आजीलाच युरोपच्या व्हिसाची चिंता करावी लागली असती. वडील युरोपीय संघाचे नागरिक होते, मुलालाही तोवर तेच प्रवासाचे हक्क होते, आणि नवरा सोबत असला की आईलाही ब्रिटनने दिलेल्या निवास-कार्डावर बिनव्हिसाचे जाता येत होते. आज त्याच चौघांना चार वेगवेगळ्या नियमांनी तपासले जाते, आणि एकाचे कागद पक्के आहेत म्हणून दुसऱ्याचे चालून जात नाहीत.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले आणि अकरा महिन्यांच्या संक्रमणकाळानंतर मुक्त संचार संपला. त्यानंतर घडलेला खरा बदल रांगांच्या लांबीत नाही. पूर्वी हातातला पासपोर्ट हाच हक्क होता. आता हक्क कुठल्या तरी सरकारी संगणकातील नोंदीत असतो आणि पासपोर्ट ही त्या नोंदीपर्यंत पोचण्याची किल्ली असते. ही गोष्ट मनात ठेवून तयारी केली, तर पुढचे बहुतेक प्रश्न सीमेवर पोचण्याआधी घरीच सुटतात.

मी शनिवारी आमच्या भागातील कुटुंबांना कागद लावून देण्यात आणि पत्रांचे मराठी-कोकणीत वाचन करून देण्यात मदत करते. सल्ला मात्र देत नाही, कारण नोंदणी नसलेल्या व्यक्तीने इमिग्रेशनचा वैयक्तिक सल्ला देणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. कोणी ओळखीचा ‘एजंट’ पैसे घेऊन अर्ज भरून देतो म्हणाला, तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सरकारी यादीत स्वतः पाहावा. पुढे लिहिले आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे, आणि शुल्क व मुदती निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासाव्यात.

आधी गोव्यातल्या वाचकांसाठी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि हजारो गोमंतकीय कुटुंबे याच वाटेने स्विंडन, साउथॉल, वेम्बली इथे पोचली. ती वाट ब्रिटनपुरती बंद झाली आहे. तरीही गावाकडून अजून फोन येतात, “पोर्तुगीज पासपोर्ट झाला, आता कुठल्या महिन्यात येऊ?” १ जानेवारी २०२१ नंतर पहिल्यांदा ब्रिटनमध्ये राहायला येऊ पाहणारा पोर्तुगीज नागरिक आणि भारतीय नागरिक हे कामाच्या व्हिसासाठी एकाच रांगेत उभे आहेत, आणि ती रांग सोपी नाही. कुशल कामगार व्हिसासाठी मंजूर मालकाकडून पत्र हवे, आणि २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान वार्षिक पगाराची अट ४१,७०० पौंड झाली आहे. गोदामातील किंवा हॉटेलातील ज्या कामांवर आपली पहिली पिढी इथे उभी राहिली, त्या कामांसाठी हे दार उघडत नाही.

नव्या पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला पाहुणा म्हणून, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येता येते. त्यासाठी २ एप्रिल २०२५ पासून ‘ईटीए’ नावाची प्रवासाची आगाऊ डिजिटल परवानगी घ्यावी लागते. ती दोन वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातील जे आधी येईल तोपर्यंत चालते. तिच्यावर नोकरी करता येत नाही. राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क या पासपोर्टला आहे तो युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत, आणि त्यात आयर्लंडही येते. म्हणजे डब्लिनमध्ये काम करता येईल, पण तिथून दोन-अडीच तासांवरच्या बेलफास्टमध्ये करता येणार नाही, कारण बेलफास्ट ब्रिटनमध्ये आहे. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. केवळ ब्रिटनच्या आशेने कोणी हे पाऊल उचलत असेल, तर त्याने थांबून पुन्हा विचार करावा, असे मी कळकळीने सांगते. मागे फिरण्याचा रस्ता लांब आणि खडतर आहे.

ब्रिटनमध्ये परत येताना

संघाचे जे नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहायला आले होते, त्यांच्यासाठी ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ होती. तिची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. सलग पाच वर्षे राहिलेल्यांना ‘सेटल्ड स्टेटस’ (कायम राहण्याचा हक्क) मिळाले, त्याहून कमी काळ राहिलेल्यांना ‘प्री-सेटल्ड’ (मुदतीचा हक्क). या दोन्हींसाठी प्लास्टिकचे कार्ड सहसा दिलेच गेले नाही; नोंद आहे ती ‘ई-व्हिसा’ म्हणून ऑनलाइन खात्यात. आणि इथेच सर्वांत जास्त माणसे अडखळतात.

आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले होते. गोव्याहून परतताना विमान कंपनीच्या काउंटरवर त्यांना अडवले गेले. सेटल्ड स्टेटस होते, पत्राची प्रत खिशात होती, तरी संगणकावर काहीच दिसत नव्हते. कारण अगदी साधे निघाले. त्यांनी सुट्टीच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट नवा करून घेतला होता आणि खात्यात जुन्याच पासपोर्टचा क्रमांक राहिला होता. विमान कंपनी नव्या क्रमांकाने विचारणा करते, आणि त्या क्रमांकामागे कुठलाच हक्क नोंदलेला नसतो. काउंटरवरचा माणूस ते पत्र वाचून निर्णय घेऊ शकत नाही. मुलीने इंग्लंडहून फोनवरून खाते उघडून दिले, तेव्हा कुठे ते पुढच्या दिवशीच्या विमानात बसले.

म्हणून पासपोर्ट नवा आला की त्याच आठवड्यात खात्यात जाऊन त्याचा क्रमांक जोडावा. दुहेरी नागरिक असाल तर ज्या-ज्या पासपोर्टवर प्रवास करणार ते सर्व जोडावेत. खाते ज्या मोबाइल क्रमांकाशी आणि ईमेलशी बांधलेले आहे, ते अजून चालू आहेत ना, हेही पाहावे. मुलाच्या जुन्या क्रमांकावर सांकेतिक अंक जात राहतात आणि आई-वडील गोव्यात अडकतात, असे वारंवार घडते. निघण्यापूर्वी खात्यातून ‘शेअर कोड’, म्हणजे आपली नोंद दुसऱ्याला ऑनलाइन पाहू देणारा संकेतांक, काढून ठेवावा. तो नऊ अक्षरांचा असतो आणि नव्वद दिवस चालतो. पडद्यावरच्या पानाची छापील प्रत जवळ ठेवायला हरकत नाही, पण ती पुरावा नव्हे, हे लक्षात असू द्यावे. वर सांगितलेल्या कुटुंबातील आईलाही हेच लागू आहे. तिचे सेटल्ड स्टेटस नवऱ्याच्या आधाराने मिळाले असले, तरी तिची नोंद तिच्या भारतीय पासपोर्टशी स्वतंत्रपणे जोडलेली असावी लागते.

बाहेर किती काळ राहिले तर हक्क जातो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. सेटल्ड स्टेटस सलग पाच वर्षे ब्रिटनबाहेर राहिल्यावर संपते. म्हणजे आईच्या आजारपणासाठी वर्षभर गावी राहिलेल्याने घाबरून जाऊ नये. प्री-सेटल्ड असणाऱ्यांनी मात्र तारखा काळजीपूर्वक मोजाव्यात. मूळ नियम असा, की पाच वर्षांच्या सलग वास्तव्यात कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहता कामा नये, गंभीर कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंतची सूट सोडून. जुलै २०२५ मध्ये याला दुसरा, सैल पर्याय जोडला गेला : शेवटच्या साठ महिन्यांत मिळून तीस महिने ब्रिटनमध्ये राहिल्याचे दिसले, तर सेटल्ड स्टेटस मिळू शकते. कोविडच्या काळात गोव्यात अडकून पडलेल्या आणि ‘आता आपले काही होत नाही’ म्हणून गप्प बसलेल्या लोकांनी या नियमाखाली आपली स्थिती पुन्हा तपासून घ्यावी. गृहखाते काही जणांचे प्री-सेटल्ड आपणहून सेटल्ड करते आणि मुदतीही आपणहून वाढवते. पण करभरणा किंवा सरकारी लाभाच्या नोंदी ज्यांच्या नावावर नाहीत त्यांचे असे आपोआप होणे अवघड असते, आणि घर सांभाळणाऱ्या बायका यात मोठ्या संख्येने सापडतात. त्यांनी वाट पाहत बसू नये, स्वतः अर्ज करावा. अर्जाला शुल्क नाही.

ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांसाठी एक नवी अडचण उभी राहिली आहे. पोर्तुगीज वडिलांनी पुढे ब्रिटिश नागरिकत्वाची शपथ घेतली, पण पोर्तुगीज पासपोर्ट आहेच म्हणून ब्रिटिश पासपोर्ट काढलाच नाही, असे पुष्कळांनी केले आहे. नागरिक झाल्यावर सेटल्ड स्टेटस उरत नाही, आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळत नाही. २५ फेब्रुवारी २०२६ पासून प्रवाशाकडे ब्रिटनमध्ये शिरण्याची परवानगी किंवा हक्क आहे का, ही तपासणी विमान कंपन्या सक्तीने करू लागल्या, तेव्हा अशा माणसाकडे ब्रिटिश पासपोर्ट किंवा ५८९ पौंडांचे हक्क-प्रमाणपत्र (ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दाखवणारे) असणे गरजेचे झाले. पासपोर्ट त्याहून कितीतरी स्वस्त पडतो. तो शपथविधीच्या पाठोपाठ काढून टाकावा.

युरोपात जाताना

सेंट पँक्रास, डोव्हर आणि फोकस्टन इथे फ्रान्सची तपासणी इंग्लंडच्या भूमीवरच होते. त्यामुळे फ्रेंच अधिकाऱ्याचा नकार आला, तर तो गाडी सुटण्याआधीच येतो आणि तिकिटाचे पैसे बहुधा जातात.

वडिलांचे काम सर्वांत सोपे. पोर्तुगीज पासपोर्ट दाखवून ते संघाच्या नागरिकांच्या रांगेतून जातील. त्यांना दिवसांची मर्यादा नाही. मुलगा ब्रिटिश पासपोर्टवर प्रवास करणार असेल तर तो आता ‘तिसऱ्या देशाचा’, म्हणजे संघाबाहेरचा नागरिक ठरतो, आणि त्याला तीन अटी लागू होतात. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट दिल्याची तारीख दहा वर्षांपेक्षा जुनी नसावी. परतण्याच्या दिवसानंतर तो किमान तीन महिने वैध असावा. आणि शेंगेन देशांत (आपसातील सीमा-तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांत) कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० पेक्षा जास्त दिवस मुक्काम नसावा. पहिली अट मोठ्यांच्या पासपोर्टसाठी फसवी आहे, कारण सप्टेंबर २०१८ पूर्वी ब्रिटन जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून देत असे. अशा पासपोर्टवर छापलेली अंतिम तारीख पुढची असली, तरी दहा वर्षे आधीच भरलेली असू शकतात. म्हणून अंतिम तारखेबरोबर ‘दिल्याची तारीख’सुद्धा वाचावी.

नव्वद दिवसांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय नीट कळत नाही. समजा, ब्रिटिश पासपोर्ट असलेली एक व्यक्ती लिस्बनला नातेवाइकांकडे १ मे ते ३० जून राहिली. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून ६१ दिवस झाले. तिला १ सप्टेंबरला पुन्हा जायचे आहे. १ सप्टेंबरपासून, तो दिवस धरून, मागे १८० दिवस मोजले की आपण ६ मार्चला पोचतो. मे आणि जूनचे सगळे दिवस त्या खिडकीच्या आत येतात, म्हणून हातात २९ दिवसच उरतात आणि २९ सप्टेंबरला तिने बाहेर पडायला हवे. मे महिन्यातील दिवस खिडकीबाहेर पडायला लागतात ते २८ ऑक्टोबरपासून. ‘एकदा बाहेर पडून आलो की नव्वद पुन्हा सुरू होतात’ हा समज साफ चुकीचा आहे. आयर्लंड आणि सायप्रसमधले दिवस या हिशेबात येत नाहीत, कारण ते देश संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेमधले मात्र येतात.

पूर्वी हा हिशेब शिक्क्यांवरून व्हायचा आणि पुसट शिक्क्यामुळे कधी सुटकाही व्हायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ‘एंट्री-एक्झिट सिस्टिम’ टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सर्वत्र लागू करण्याचे ठरले. पहिल्या वेळी चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, छायाचित्र घेतात. ही नोंद साधारणपणे तीन वर्षे राहते. मेहंदीने किंवा कष्टाच्या कामाने बोटे घासलेल्या माणसांचे ठसे यंत्राला पटकन लागत नाहीत. अशा वेळी गडबडून न जाता अधिकाऱ्याच्या काउंटरकडे जावे. पहिल्या प्रवासाला नेहमीपेक्षा बराच आधी पोचावे, विशेषतः सोबत लहान मुले आणि वृद्ध असतील तर.

मात्र या मुलासाठी चांगला उपाय घरातच आहे. वडील पोर्तुगीज असल्याने त्याचा जन्म पोर्तुगीज दफ्तरात नोंदवून त्यालाही पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो, आणि मग वरच्या तिन्ही अटी गळून पडतात. दोन पासपोर्ट असले की पाळायचा नियम असा : ज्या सीमेत शिरायचे, तिथला पासपोर्ट दाखवायचा, आणि तिकिटाच्या माहितीत त्या फेरीसाठी तोच भरायचा. युरोपात जाताना पोर्तुगीज, परत येताना ब्रिटिश. मे महिन्यात नोंदणी सुरू केली की ऑगस्टमध्ये पासपोर्ट हाती येईल असे मात्र धरून चालू नये.

आता आई. सेटल्ड स्टेटस ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क देते, युरोपात शिरण्याचा देत नाही. ब्रिटनने दिलेल्या जुन्या निवास-कार्डाचाही तिथे आता उपयोग नाही. तिला शेंगेन व्हिसा लागणारच. पण एक हक्क शिल्लक आहे आणि फार थोड्यांना तो ठाऊक आहे. संघाच्या नागरिकाची पत्नी किंवा पती, त्या नागरिकासोबत किंवा त्याच्या मागोमाग, त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज संघातील दुसऱ्या देशात जात असेल, तर २००४ सालच्या मुक्त संचार निर्देशानुसार व्हिसा विनाशुल्क आणि लवकर मिळायला हवा. नेहमीचे शुल्क ९० युरो आहे. या अर्जासाठी हॉटेलचे आरक्षण, बँकेतील शिल्लक किंवा नोकरीचे पत्र मागता येत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नवरा संघाचा नागरिक आहे, लग्न झाले आहे, आणि दोघे एकत्र जात आहेत. ऑनलाइन अर्जात ‘संघ नागरिकाचे कुटुंबीय’ हा प्रकार सुरुवातीलाच निवडावा, कारण एकदा ‘पर्यटन’ निवडले की पुढची सगळी कागदपत्रे त्याच चौकटीतून मागितली जातात. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने सवयीने बँकेचे कागद मागितले, तर निर्देशाचा उल्लेख करून नम्रपणे, पण ठामपणे आपला मुद्दा मांडावा. एक मर्यादा आहे : पोर्तुगीज नवऱ्यासोबत थेट पोर्तुगालला जायचे असेल, तर तो त्याचा स्वतःचा देश असल्याने हा निर्देश तसाच लागू होत नाही. स्पेन किंवा फ्रान्सला जाताना तो लागू होतो. नवऱ्याचा पासपोर्ट केवळ ब्रिटिश असेल, तर ब्रेक्झिटनंतर हा हक्क उरलेलाच नाही, आणि बायकोला सर्वसाधारण अर्जच करावा लागतो.

लग्नाच्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणन, आधीच मारून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे नावांचे. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, आणि गोव्यात त्यावर पोर्तुगीज दफ्तराचा थर चढतो : प्रभूचा ‘पोरोबो’, शेणवीचा ‘सिनाय’. नवऱ्याच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरे, आणि बायकोच्या भारतीय पासपोर्टवर तिसरे, अशी फाइल मी किती वेळा उघडली असेल याची गणती नाही. अधिकाऱ्याला आपली नावे ओळखीची नसतात. त्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसे असतात. कायमचा उपाय म्हणजे भारतीय पासपोर्टवर पती म्हणून जे नाव आहे ते नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घेणे. ते होईपर्यंत, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

आजीला मात्र साधा शेंगेन व्हिसा लागेल, आणि तो भारतातून निघण्यापूर्वीच काढलेला बरा. ब्रिटनच्या पाहुण्या व्हिसावर असताना इथून अर्ज करणे बहुतेक वकिलाती स्वीकारत नाहीत.

आयर्लंडची सीमा, जी दिसत नाही

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात १९२० च्या दशकापासून ‘सामायिक प्रवास क्षेत्र’ आहे आणि ब्रेक्झिटनंतरही ते टिकवले गेले. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर उत्तर आयर्लंडच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या जमिनीवरील सीमेवरून चौक्या हटल्या, आणि ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत त्या परत येऊ न देणे हाच सर्वांत अवघड प्रश्न होता. बेलफास्टहून डब्लिनला जाताना सीमा ओलांडल्याचे कळते ते वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागल्यावरच.

चौकी नाही म्हणून नियम नाही, असे मात्र अजिबात नाही. मी स्वतः एकदा बेलफास्टहून डब्लिनला जाणाऱ्या बसमध्ये होते. सीमा ओलांडून थोडे पुढे गेल्यावर बस बाजूला घेतली गेली आणि दोन गणवेशातील अधिकारी आत आले. त्यांनी सर्वांची ओळखपत्रे पाहिली, आणि माझ्या मागच्या आसनावरच्या भारतीय पासपोर्ट असलेल्या एका काकांना खाली उतरवले. त्यांच्याकडे ब्रिटनमध्ये राहण्याचा कायम परवाना होता. “ट्रेनमध्ये तर कोणी विचारतसुद्धा नाही,” असे ते आम्हाला आधी सांगत होते. सामायिक क्षेत्रातला मुक्त संचार ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांचा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या इतर सर्वांचा नाही. सेटल्ड स्टेटस असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला आयर्लंडसाठी आयरिश व्हिसा लागतो. नवरा पोर्तुगीज असेल आणि सोबत जात असेल, तर वर सांगितलेला विनाशुल्क व्हिसाचा निर्देश आयर्लंडलाही बांधतो, कारण आयर्लंड संघात आहे.

पाहुणे म्हणून आलेल्या भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. आजीच्या ब्रिटिश व्हिसावर तिची ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरे असतील, तर त्याच व्हिसावर ती डब्लिनला जाऊ शकते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरलेले असले पाहिजे. ती अक्षरे नसतील तर वेगळा व्हिसा लागतो. उलट दिशेने, लिस्बनहून डब्लिनला आलेल्या पोर्तुगीज पाहुण्याला तिथून बसने बेलफास्टला जायचे असेल, तर ईटीए लागते, वाटेत कोणी विचारो वा न विचारो.

इथे जन्मलेले बाळ

मुक्त संचाराच्या काळातील सवयीने होणारी सर्वांत महागडी चूक इथे होते. बाळ ब्रिटनमध्ये जन्मले म्हणून ते ब्रिटिश ठरत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एकजण ब्रिटिश किंवा सेटल्ड असेल, तर बाळ जन्मतः ब्रिटिश असते. दोघेही प्री-सेटल्ड असतील तर ते नसते, आणि जन्मापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्यासाठी सेटलमेंट स्कीमखाली अर्ज करावा लागतो. बाळंतपणाच्या धावपळीत ही मुदत निघून जाते, आणि ते पुढे शाळेच्या सहलीच्या वेळी समोर येते. पाच वर्षे पूर्ण झालेली असतील, तर बाळाच्या जन्माआधीच आई-वडिलांपैकी एकाने सेटल्डचा अर्ज करावा. मुदत उलटून गेली असल्यास उशिराच्या कारणासह लगेच अर्ज करावा आणि नोंदणीकृत सल्लागाराला भेटावे. गप्प बसल्याने प्रकरण अवघडच होत जाते.

बॅगेत काय नसावे

माणसांबरोबर जिन्नसही सीमेत अडकले. ब्रिटनमधून संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या बंदरावर वाहनचालकांची हॅम सँडविचे काढून घेतल्याची दृश्ये तेव्हा जगभर दाखवली गेली. एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही संघातून येणाऱ्या प्रवाशांना असे पदार्थ आणायला मनाई केली. पॅरिसच्या भाचीसाठी गोव्याची ‘चोरीस’ (मांसाची सॉसेज), घरचे तूप किंवा चीज बांधून घेऊ नये. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक प्रमाणात सूट आहे. मसाला, पापड, चकली न्यायला अडचण नाही.

काउंटरवर अडवले तर

आवाज चढवू नये, आणि सगळ्यांनी एकदम बोलू नये. ज्याला अडवले आहे त्याचीच फाइल पुढे करावी : पासपोर्ट, शेअर कोड किंवा व्हिसा, नात्याचा दाखला, परतीचे तिकीट, आणि मागच्या वर्षभरातील प्रवासाच्या तारखांचा हाताने लिहिलेला तक्ता. हा तक्ता नव्वद दिवसांच्या हिशेबालाही लागतो आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही, कारण तिथे पाच वर्षांत ४५० पेक्षा जास्त दिवस बाहेर राहिलेले साधारणपणे चालत नाही. मुलगा घरातील सर्वांत चांगले इंग्रजी बोलत असला, तरी दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नये. दुभाष्याची मागणी करावी.

शेंगेनच्या सीमेवर प्रवेश नाकारला, तर अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्याचा लेखी आदेश द्यायचा असतो, आणि त्यावर कारणाच्या रकान्यात खूण केलेली असते. तो मागून घ्यावा. कुठल्या रकान्यात खूण आहे ते तिथेच वाचून पाहावे आणि समजले नाही तर विचारावे. अपील करण्याची पद्धत आणि मुदत यांचीही माहिती तिथेच मागावी. घरी आल्यावर तो कागद फोटो काढून जपून ठेवावा. पुढचा व्हिसा अर्ज करताना ‘कधी प्रवेश नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरासोबत हाच कागद जोडायचा असतो.